हंड्याखालची जागा

योगिताच्या डोक्यावर मधोमध, बायका जिथे चुंबळ ठेवतात बरोबर तिथे, केस नव्हते. मी तिचा बाप, पण मला हे दिवाळीपर्यंत माहीत नव्हतं. वर्षातला बराचसा काळ मी वसईकडे बिल्डिंगच्या कामावर, आणि पोरगी आश्रमशाळेच्या वसतिगृहात. घरी असली तरी डोक्यावर ओढणी. मला वाटायचं, मोठी झाली, लाजते.

दिवाळीची सुट्टी संपली. दप्तर भरून दारात ठेवलं, सूर्यमाळच्या फाट्यावर जीप यायची वेळ झाली, आणि ही आत जाऊन भाताच्या कणगीमागे बसली.

"मी नाय जायची."

का नाही जायची, तर बोलेना. मी आवाज चढवला. मला राग लवकर येतो, हे सगळ्या पाड्याला ठाऊक आहे. शेवटी धाकटी तानी दारातून म्हणाली, "पोरी तिला टकली म्हणतात," आणि पळाली. तेव्हा कुठे योगितानं ओढणी काढली.

पेल्याच्या तोंडाएवढी जागा. आजूबाजूला दाट, लांबसडक केस, आणि मध्ये नुसती कातडी. सातवीपासून ती दर सुट्टीला, उन्हाळ्यात तर रोज, घरी आली की पाणी भरायची. तिच्या आईला, बायडीला, वजन उचलायची मनाई आहे. तानीच्या वेळच्या बाळंतपणापासून तिचं अंग बाहेर येतं. पोरगी शाळेत असली की जवळच्या विहिरीवरून कळशी-कळशीनं कसंबसं भागवते, पण हंडा डोक्यावर घेतला की दोन दिवस अंथरुणाला खिळते. तेव्हा पाणी योगिताच आणणार, त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं आम्हाला कधी वाटलंच नाही. ते जेवण्या-झोपण्यासारखंच होतं.

शाळेचा नियम असा की मधोमध भांग, दोन वेण्या, लाल रिबिनी. सकाळी प्रार्थनेला वेण्या बघतात. भांग पाडला की जागा उघडी. त्या शाळेतल्या निम्म्या पोरी घरी हंडे वाहणाऱ्याच, पण जिचं उघडं पडलं तिलाच चिडवायचं, हे जगात सगळीकडे सारखंच.

"केस आले की जाईन," ती म्हणाली.

मी मुख्याध्यापकांना फोन केला. माणूस भला. म्हणाले, नववीचं बघू, परीक्षेला आणून बसवा, जमवून घेऊ. पण जूनमध्ये दहावीला ती वर्गात हवी, नाहीतर नाव काढावं लागेल. म्हणजे जूनपर्यंत आमच्या हातात वेळ होता. पोरगी हुशार आहे. आमच्या पाड्यातली एकही पोर अजून दहावी झालेली नाही, आणि ही होणार याबद्दल कुणाला शंका नव्हती.

मग पाड्यात वैद्यच वैद्य झाले. कुणी माक्याचं तेल सांगितलं, कुणी जास्वंद. कांद्याचा रस लावून झाला, घराला इतका वास सुटला की तानी बहिणीशेजारी झोपेना. आमच्या शेजारची म्हातारी गोजाबाई, जिच्या हातून अर्ध्या पाड्याची बाळंतपणं झाली, ती बिब्बा घेऊन आली. बिब्ब्यानं टाच भाजलेली मी पाहिली आहे. मी तिला म्हटलं, तू आधी तुझ्या डोक्याला लाव. ती रागावून गेली, मग संध्याकाळी स्वतःच हसत परत आली.

शेवटी पोरीला घेऊन जव्हारला गेलो. तिथे एक कातडीच्या डॉक्टरीणबाई बसतात. त्यांनी भिंग लावून बघितलं, बोटानं दाबलं, आणि औषध लिहायच्या आधी विचारलं, "घरी पाणी कोण भरतं?"

"हीच."

"डोक्यावरून?"

"मग कशावरून?" मी म्हटलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, मुळं अजून जिवंत दिसतायत. डोक्यावर काही ठेवायचं नाही, हंडा नाही, मोळी नाही, काही नाही. पाच-सहा महिने. केस येतील. मात्र आलेले पुन्हा घासले गेले तर कातडी गुळगुळीत होऊन चकाकायला लागेल, बारीक भोकं बुजतील, मग तिथे कुणी काही उगवून दाखवू शकत नाही.

जीपमधून येताना मी पोरीला समजावलं. "शाळेत नळ हाय. तिथं राहिलीस तर हंडा नाय, मग केस आपोआप येतील."

"आणि येईपर्यंत?" ती खिडकीबाहेर बघत म्हणाली.

जिथे केस उगवणार तिथे ती केस आल्याशिवाय जाणार नव्हती. मी ठरवलं, यंदा वसईला जायचं नाही. पाणी मी भरायचं.

आमच्याकडे पुरुष पाणी भरत नाही. खांद्यावरून लाकूड वाहील, भाताचे भारे वाहील, पण हंड्याला हात लावणार नाही. मी कावड केली, दोन्ही बाजूंना डबे लावले आणि पाड्याखालच्या विहिरीवर जायला लागलो. पारावर बसलेल्यांची करमणूक झाली. "ढवळू, साडी नाय मिळाली का?" मी म्हटलं, तुझ्या बायकोची दे, ती तशीही तुझ्यापेक्षा जास्त कमावते. वसईला वर्षानुवर्षं मी सिमेंटचं घमेलं डोक्यावर वाहिलं, तिथे कुणी हसलं नाही, कारण तिथे हजेरीचे पैसे मिळतात. घरचं पाणी आणलं की माणूस बायल्या होतो. असो. हसून हसून त्यांची तोंडं दुखली, मग गप्प झाले. बायकांनाही माझं काही वाटलं नाही. विहीर उघड्यावर, रुंद कठड्याची. मी एका बाजूनं पोहरा सोडायचो, त्या दुसऱ्या बाजूनं.

होळीच्या आसपास एक दिवस योगिता अंगणात डोकं वाळवत बसली होती. ऊन मागून येत होतं. मला काहीतरी दिसलं म्हणून वाकून बघितलं. नागलीचं रोप उगवताना वाफ्यावर हिरवी लव दिसते, तशी त्या जागेवर बारीक काळी लव होती.

मी बायडीला हाक मारली. बायडी चुलीपुढून उठून आली, तिनं बोट फिरवलं आणि पोरीचं डोकं पोटाशी धरून रडायला लागली. योगिता म्हणत होती, "मला बघू दे, मला बघू दे," पण स्वतःचा माथा स्वतःला दिसतो कुठे? तानीनं मोबाईलवर फोटो काढून दाखवला. त्यानंतर रोज सकाळी ती माझ्यासमोर येऊन मान खाली घालायची. "आज?" मी म्हणायचो, कालच्यापेक्षा जास्त. खोटं नव्हतं. तिनं पुस्तकं काढली. घरात ओढणी घ्यायची सोडली. परीक्षेला मी तिला जीपनं नेलं आणि आणलं, पेपर चांगले गेले. त्या दिवसांत मी सुखी होतो. लपवायचं कशाला, लग्नाच्या वेळीही नव्हतो इतका होतो.

एप्रिलच्या मध्यावर विहिरीचा तळ दिसला.

दरवर्षीच दिसतो. मग पाणी राहतं ते खालच्या घळीत, कातळाच्या पोटातल्या झिऱ्यावर. तिथे उतरायला कातळात खोदलेल्या पायऱ्या आहेत, इतक्या अरुंद की कावड दोन्हीकडे आपटते आणि माणूस तोल जाऊन खाली पडतो. पाणी साचतं थेंबथेंब. एक बाई आत उतरून वाटीनं हंडा भरते, बाकीच्या रांगेत बसतात. पहाट व्हायच्या आधीपासून रांग. ऊन चढेपर्यंत झिरा कोरडा, पुन्हा भरायला रात्र जाते.

मी चुंबळ केली, हंडा डोक्यावर घेतला आणि गेलो. मी पायऱ्यांवर दिसताच बायकांचं बोलणं तुटलं. कुणी हसलं नाही. कुणी पदर ओढला, कुणी गुडघ्यावर खोचलेलं लुगडं सोडलं. माझी पाळी आली तेव्हा मी भरलं आणि वर आलो. दुसऱ्या दिवशीही तसंच. त्या दिवशी दुपारी गोजाबाई आणि मालू दारात आल्या. मालूचं घर आमच्या घराला लागून, माझ्या चुलतभावाची ती बायको.

"ढवळू, तू आमचा पोर," गोजाबाई म्हणाली. "रागं भरू नको. पण झिऱ्यावर येऊ नको."

"का? पाणी तुमच्या बापाचं हाय?"

"पाणी नाय. जागा आमची हाय."

मी काही बोलणार तेवढ्यात मालू म्हणाली, "दादा, घरात मोरी नाय, आडोसा नाय. आम्ही तिथंच आंग धुतो. सासू-नवऱ्याचं काय बोलायचं ते तिथंच बोलतो. तू उभा, तर माझी सून चार दिवसांची, तशीच परत आली. तिनं कुठं जायचं?"

ती खरं बोलत होती, म्हणून मला जास्तच संताप आला. मी म्हटलं, मग माझ्या घरचे हंडे तुम्ही आणा. मालूनं आणलेही, काही दिवस, स्वतःच्या खेपा झाल्यावर एकेक हंडा. मग एके दिवशी तिची मान धरली आणि ते थांबलं. तिला बोल लावायला मला तोंड नव्हतं.

मी हट्टानं पुन्हा एकदा गेलो. त्या दिवशी बायकांनी हंडे पालथे घातले आणि माझ्याकडे पाठ करून बसल्या. ओरडल्या नाहीत, शिव्या दिल्या नाहीत. झिऱ्यात पाणी साचलेलं, आणि एकही जण आत उतरेना. मी जाईपर्यंत बसून राहिल्या. त्या सकाळी कितीतरी घरांत चूल उशिरा पेटली आणि दिवसभर जो भेटेल तो पुरुष माझ्याकडे बघून थुंकायचा तेवढा राहिला.

संध्याकाळी योगिता म्हणाली, "बाबा, तू नको जाऊस. त्या माझ्याशी बोलत नायत. म्हणतात, हिच्या केसापायी."

मग मी टँकरच्या मागे लागलो. टँकर मोठ्या गावात येतो, विहिरीत पाणी ओततो आणि जातो. रस्ता पाड्यापर्यंत नाही. मालूचा दीर जिवा, त्याच्याकडे मोटारसायकल होती. तो आणि मी डबे बांधून जायचो. विहिरीभोवती झुंबड, आम्ही पाड्याचे, आम्हाला शेवटी सोडणार. गढूळ का होईना, मिळायचं. मग जिवाला कामाचं बोलावणं आलं, तो मोटारसायकलीसकट वसईला गेला. मी कावड घेऊन चालत जायला लागलो. जाऊन येऊन अर्धा दिवस, आणि पाणी दोन डबे. घरात चार माणसं, एक बैल, एक गाय. पुरत नव्हतं. बायडी स्वतः पाणी पीत नाही हे मला दिसत होतं.

एके दिवशी टँकर आलाच नाही. आता येईल, मग येईल म्हणत मी विहिरीपाशी ऊन उतरेपर्यंत बसलो आणि रिकामे डबे घेऊन परत फिरलो.

पाड्यापाशी आलो तर घळीच्या तोंडाशी माणसं दिसली. बायडी झिऱ्यावर गेली होती. सगळ्यांची पाळी संपल्यावर तळाशी राहिलेलं वाटीवाटीनं भरत बसली होती, आणि अर्धा हंडा घेऊन चढताना मध्येच खाली बसली. अंग बाहेर आलेलं, रक्त जात होतं. तानी धावत घरी सांगायला आली. योगिता खाली उतरली.

मी पोहोचलो तेव्हा ती वर येत होती. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हंडा, एक हात कातळाला. मागून तानी आईला धरून आणत होती.

"खाली ठेव," मी म्हणालो.

"घरी गेल्यावर ठेवते."

"योगिता, खाली ठेव तो."

"बाबा, बाजूला हो. सांडल." ती माझ्या अंगावरून पुढे गेली. एक थेंब सांडला नाही.

घरी बायडीला आडवं केलं. मी ओरडायला लागलो. पोरीवर, बायडीवर, टँकरवाल्यावर, कुणावर ते मलाही कळत नव्हतं. एवढे महिने सगळं सांभाळलं आणि आता, आणि आता... योगितानं पेला भरून माझ्यापुढे धरला. "तू सकाळपासून पाणी नाय प्यायलास. पी आधी." आणि मी प्यायलो. घटाघटा प्यायलो. अजून एक मागून घेतला.

त्यानंतर ती रोज जायला लागली. बायका तिला सांभाळून घेत होत्या, आधी भरू देत होत्या. मी काय काय केलं. जुन्या गादीतला स्पंज कापून जाड चुंबळ करून दिली. तिच्यावर हंडा डुलायचा, पायरीवर ती पडता पडता वाचली, तिनं ती फेकली. कमरेवर घे म्हटलं, तर एक हात कातळाला लागतो आणि एक हंड्याला, कमरेवरचा हंडा धरणार कोण? चुंबळ पुढे सरकवून बघितली, तर कपाळावरचे केस जायला लागले. शेवटी ती म्हणाली, "बाबा, पुरे." ज्या आवाजात ती म्हणाली त्यानंतर मी स्पंज, चिंध्या, दोऱ्या सगळं गोळा करून चुलीत घातलं.

लव पहिल्या काही खेपांतच गेली. "आज?" म्हणून विचारायला ती पुन्हा आली नाही. मेच्या शेवटी एका दुपारी ती ओसरीवर दमून झोपली होती. मी जवळ बसून बघितलं. कातडी गुळगुळीत झाली होती. उन्हाचा कवडसा पडला तिथे चकाकत होती. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेली ती बारीक भोकं मी शोधत राहिलो. मला दिसली नाहीत. पडवीत बायडी पडली होती, ती माझ्याकडे बघत होती. बाहेर गोठ्यात जाऊन मी रडलो. गाय बघत होती, तिची काय लाज.

जूनमध्ये मुख्याध्यापकांचा फोन आला. शाळा सुरू होते आहे, योगिताला आणा. मी त्यांना सगळं सांगितलं. म्हटलं, केस काही येणार नाहीत, तिला ओढणी घेऊन बसू द्याल का? वेणी, रिबीन काही नको. ते म्हणाले, एवढंच ना, मी बघतो, चिडवणाऱ्या पोरींना मी स्वतः समजावतो. मी धावतच घरी गेलो. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझ्या हातात पोरीला द्यायला काहीतरी होतं.

ती अंगणात तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगितलं. तिनं खडा उचलून बाजूला टाकला.

"केस नाय यायचे, मला ठाऊक हाय," ती म्हणाली. "मी हात लावून बघते ना."

"पण सर म्हणतात, ओढणी घेऊन बस."

"मी त्या पोरींना भीत नाय आता."

"मग चल. उद्याच जाऊ."

"मी गेले तर इथं वर्षभर हंडा कोण उचलील?"

"मी उचलेन."

तिनं माझ्याकडे बघितलं. उद्धटपणानं नाही; मी तसं बघितलं असतं तिच्या वयात. "मग वसईला कोण जाईल? आणि उन्हाळ्यात झिऱ्यावरून?"

मी सुपात खडा शोधू लागलो.

"आई आता कळशी पण नाय उचलायची. मग तानी उचलील," ती म्हणाली. "ती चौथी झाली. पाचवीला तिथं घेतात. तिला ने. उन्हाळ्यात पण आणू नको, आत्याकडं वाड्याला ठेव. तिथं नळ हाय."

"आणि तू?"

"माझं काय राहिलंय आता जायचं?" ती सूप पाखडत म्हणाली. तिला सोळावं लागलं होतं.

मी तिला मारलं असतं तर बरं झालं असतं, किंवा पाया पडलो असतो तर. दोन्ही केलं नाही. मी मनातल्या मनात हिशेब करत होतो, हिच्या बोलण्यात कुठे चूक सापडते का. सापडली नाही. सापडली असती तर मी तिला फरफटत नेलं असतं.

जायच्या दिवशी तिनं तानीला पुढ्यात बसवलं, तेल लावलं, मधोमध सरळ भांग पाडला आणि दोन घट्ट वेण्या घातल्या. तानी रडत होती, हलत होती. योगिता तिला सारखी सांगत होती, "हलू नको, भांग वाकडा होईल." वेण्या झाल्यावर तिनं हाताच्या तळव्यानं भांगावरून एकदा वरपासून खालपर्यंत हात फिरवला आणि तिला माझ्याकडे ढकललं.

शाळेत मुख्याध्यापकांनी मोठी कुठे म्हणून विचारलं. मी म्हटलं, हिला आणलंय. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि तानीचं नाव लिहिलं. मग वसतिगृहाच्या बाई आल्या. नवीन होत्या, आम्हाला ओळखत नव्हत्या. त्यांनी तानीची हनुवटी धरून तिला वळवलं, वेण्या बघितल्या.

"किती छान केस ठेवलेत पोरीचे," त्या म्हणाल्या. "आई करते का?"

"हिची बहीण," मी म्हणालो.

"मग तिलाही आणायचं होतंत की."